नवव्या डावाचा रेडिओ

आमचा संघ हरावा, असं मी त्या वर्षी रोज मनातल्या मनात म्हणत होते. आता सांगायला हरकत नाही, कारण आता सांगून कुणाचं काही बिघडत नाही. तेव्हा तोंडातून निघालं असतं, तर सांता रुफिनातल्या बायकांनी मला पावाच्या रांगेतसुद्धा उभं केलं नसतं.

आमच्या बेसबॉल संघाचं नाव कार्बोनेरो, म्हणजे कोळसेवाले. इतकी वर्षं आम्ही तळाशी असायचो, आणि त्या वर्षी काय अंगात संचारलं कुणास ठाऊक, कुणी समोर टिकेना. सलग चौदा जिंकले, एक हरले, पुन्हा सलग अकरा. राजधानीची वर्तमानपत्रं, ज्यांना आमचं गाव नकाशात कुठं आहे ते माहीत नव्हतं, तीसुद्धा आमचं नाव छापायला लागली. आणि मॅनेजर केसादा असा हट्टी की संघ जिंकत असताना खेळणाऱ्या नऊ जणांत बदल करायचा नाही. सदरा बदलायचा नाही, बसमधली जागा बदलायची नाही, मग माणूस कसा बदलेल?

माझा नवरा रिगोबेर्तो त्या संघाचा राखीव कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागं बसून चेंडू झेलणारा. अकरा वर्षं राखीव. सामना चालू असताना हा कुंपणाजवळ उकिडवा बसून बदली पिचरांनी सरावाला फेकलेले चेंडू झेलणार, आणि सामना संपला की इतरांच्या बॅटी गोळा करून बसमध्ये टाकणार. वय पस्तीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि हे शेवटचं वर्ष हे त्यालाही माहीत होतं. मोसमाच्या सुरुवातीला सहा सामने खेळला. मग त्याच्या जागी ओस्निएल आला. चोवीस वर्षांचा दांडगा. त्याला ताप नाही, खोकला नाही, साधं पोटसुद्धा बिघडत नाही.

मी काय केलं, तेही सांगून टाकते. कागदाच्या चिठोऱ्यावर ओस्निएलचं नाव लिहिलं, घडी घातली आणि शेजारच्या ओर्तेन्सियाच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवून आले. आमच्याकडे एखाद्याला थंड करायचा असला तर असंच करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली, बर्फ वितळलं, आणि दुपारी त्या पठ्ठ्यानं दोन चेंडू मैदानाबाहेर टोलावले. ओर्तेन्सिया म्हणाली, "नेरेइदा, तू त्याला गोठवायला निघालीस आणि उकळी आणलीस." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पण हे सगळं मी रिगोसाठी करत होते असं नाही. रिगोला सवय होती. मी करत होते माझ्या सासऱ्यांसाठी.

पापा कासिमिरो दलदलीच्या काठानं चाळीस वर्षं कोळसा पाडत होते. ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांना मी नेहमी सांगते, त्यात लाकडापेक्षा माणूस जास्त जळतो. लाकडं उभी रचायची, त्यावर गवत, त्यावर माती, आणि आत विस्तव सोडून आठवडाभर राखण करायची. भट्टीच्या अंगाला कुठं भोक पडलं की माती लावायची. आत काय चाललंय ते बघायचं नाही. नवशिक्याला राहवत नाही, तो जरा माती उकरून डोकावतो, वारा आत शिरतो, भडका उडतो आणि आठवड्याची मेहनत राख होते. "भट्टी उघडून बघणाऱ्याच्या हाती राख," हे पापांचं आवडतं वाक्य. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं तेव्हाही त्यांनी मला तेच ऐकवलं होतं. मी म्हटलं, तुमचा भात तुम्हीच करा मग. आमचं पहिल्या दिवसापासून असंच होतं, आणि दोघांनाही ते आवडायचं.

त्या धुरानं त्यांची छाती खाल्ली. त्या वर्षी ते खाटेवरून खुर्चीपर्यंत यायचे आणि पाच मिनिटं दम घ्यायचे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळा काढतील असं वाटत नाही. पापांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. एकदा मी त्यांना शर्टाची बटणं लावून देत होते, तेव्हा म्हणाले, "पोरी, अंतिम सामन्याच्या रेडिओवर रिगोचं नाव एकदा ऐकू दे. मग मला कुठं न्यायचं तिथं न्या."

गावच्या रेडिओवर रिगोचं नाव मधूनअधून यायचं, ते त्यांना नको होतं. अंतिम सामना अख्ख्या बेटावर ऐकू जातो. चाळीस वर्षं ज्यांचा कोळसा अख्ख्या बेटानं जाळला, त्यांच्या घरातलं नाव एकदा अख्ख्या बेटानं ऐकावं, एवढंच. मला त्यात काही फार मागणं वाटलं नाही.

आता आमच्या गल्लीचा नेम सांगायला हवा. पंधरा वर्षांपूर्वी कधीतरी आमचा संघ नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात चार धावांनी पुढं होता, आणि पापा भर ओट्यावर म्हणाले, "आता जिंकलोच." पाच मिनिटांत सामना गेला. तेव्हापासून संघ पुढं असला की नववा डाव सुरू होताच पापा रेडिओ बंद करायचे. वीस मिनिटं थांबायचं, मग लावायचा. भट्टी उघडायची नसते. आधी लोक हसले. मग दोनदा फेफो न्हाव्यानं रेडिओ चालू ठेवला आणि दोन्हीदा संघ हरला. मग बाराच्या बारा घरं बंद करायला लागली. जिंकायच्या वेळी आमची गल्ली अशी शांत असायची की कोंबड्यांनासुद्धा चुकल्यासारखं वाटायचं.

अंतिम फेरीचे पहिले तीन सामने आम्ही सरळ जिंकले. समोर राजधानीचा संघ, त्यांना आम्ही धुऊन काढलं. चौथा जिंकला की अजिंक्यपद. तो राजधानीतच होता, रविवारी दुपारी. सकाळी औषधाच्या दुकानात रिगोचा फोन आला. मी चपलाही न घालता धावले.

"केसादा म्हणाला, नवव्या डावात पाचाहून जास्त धावांनी पुढं असलो तर मला उतरवणार," रिगो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "पापाला सांग."

"तूच सांग की येऊन."

"नेरे, चेष्टा नको. आज नाही झालं तर नाहीच."

मी पापांना सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. रेडिओ ऐकायला इस्त्रीचा शर्ट. मी दिला.

दुपारी ओट्यावर गल्ली जमली. मी कॉफी केली, केळी तळली, आणि माझ्या वाटची केळी ओर्तेन्सियाच्या ताटलीत टाकली. सातव्या डावाअखेर आम्ही आठ विरुद्ध शून्य. सगळे नाचत होते आणि मी धावा मोजत होते, कारण नियम असा की सातव्या डावानंतर दहा धावांचं अंतर पडलं की सामना तिथंच थांबवतात. म्हणजे आणखी दोन धावा झाल्या तर नववा डावच नाही. आठव्यात आमचे दोघे मैदानात धावायला टपलेले, आणि बॅट घेऊन कोण आला, तर ओस्निएल. सगळी गल्ली देव पाण्यात घालून बसली की मार, मार. मी एकटी खांबाला धरून म्हणत होते, अरे बाबा, एकदा तरी चूक. आणि तो चुकला. उंच मारला, झेल गेला. सगळ्यांनी कपाळाला हात लावला आणि मी आनंदानं रडले. फेफो म्हणाला, "हिला काय झालं?" ओर्तेन्सिया म्हणाली, "कांदा."

आठवा डाव संपला. आठ-शून्य. पापांनी रेडिओकडे हात नेला.

मी तो हात धरला. "पापा, आज नको. आज रिगो येणार आहे. तुम्हाला ऐकायचंय ना?"

"म्हणूनच," ते म्हणाले.

"म्हणूनच काय? अहो, नंतर रेडिओ लावून काय उपयोग? नाव एकदाच घेतात."

"पोरी, मी लावून ठेवला आणि सामना उलटला, तर केसादा त्याला उतरवेल का? ओस्निएललाच ठेवील. मग माझ्यामुळं माझ्या पोराचं गेलं." त्यांना दम लागला. ते थांबले. "तो उतरला पाहिजे. मी ऐकलं नाही तरी चालेल."

"आठ धावा पुढं आहोत आपण. आठ."

"तेव्हा चारच होत्या. चाराला मी बोललो होतो."

मी गल्लीकडे पाहिलं. म्हटलं, कुणीतरी सांगा यांना. एवढी मोठी मोठी माणसं, सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांनाही भीती होती. खरं सांगायचं तर मलाही होती. मी इतकी वर्षं त्या भट्टीच्या गोष्टीला हसत आले होते, पण त्या क्षणी मला वाटलं, आणि खरंच उलटलं तर? मी हात सोडला. पापांनी रेडिओ बंद केला. गल्लीतले बाकीचे एकामागून एक बंद झाले.

आम्ही वीस मिनिटं बसलो. पापा इस्त्रीच्या शर्टात, डोळे मिटून, ओठ हलवत. मला वाटलं प्रार्थना करतायत. जवळ वाकले तर ते निवेदकाच्या थाटात पुटपुटत होते, "कॅचर बदलला आहे. आता येत आहे रिगोबेर्तो..." पुढचं मला ऐकवलं नाही, मी आत जाऊन पाण्याचा पेला भरत बसले.

लावला तेव्हा रेडिओवर नुसता गोंधळ. बँड, आरडाओरडा, आणि निवेदक घसा फाटेपर्यंत ओरडतोय की कोळसेवाले अजिंक्य. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. रिगोचं नाव मात्र नाही. तेवढ्यात फेफो चौकातून धावत आला. नेम मोडू नये म्हणून हा मधेच पायात चपला घालून चौकातल्या रेडिओच्या कर्ण्याखाली जाऊन उभा राहिला होता. लबाड मेला. गल्लीत बंद होता ना रेडिओ, मग झालं.

"उतरला," तो पापांना म्हणाला. "पूर्ण नववा डाव. दोनदा नाव घेतलं, बापाच्या नावासकट. रिगोबेर्तो कासिमिरो."

"कसं घेतलं?" पापांनी विचारलं.

फेफोनं उभं राहून निवेदकासारखं म्हणून दाखवलं. पापांनी ते परत म्हणायला लावलं. मग म्हणाले, "मी ऐकलं नाही हे रिगोला कुणी सांगायचं नाही. मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. कळलं का?"

मी फेफोला दारापाशी गाठलं. त्याचा चेहरा मला काही बरोबर वाटला नव्हता. तो हळूच म्हणाला, "दोन गडी बाद झाल्यावर एक झेल उडाला. अगदी डोक्यावर, सोपा. रिगोच्या हातून सुटला. निवेदक म्हणाला, अकरा वर्षं बाकावर बसल्यावर हाताला गंज चढणारच. अख्खं मैदान हसलं. पुढच्याच चेंडूवर तिसरा, शेवटचा गडी बाद झाला, सामना जिंकला, काही बिघडलं नाही. पण तेवढं मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही."

"बरं केलंस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळाडूंचा ट्रक गावात आला. गल्लीनं रिगोला खांद्यावरच घेतला. "ऐकलं रे तुझं नाव," ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. तो हसत होता, पण ते नुसतं तोंडानं हसणं मला ओळखता येतं. तो घरात आला, पापांच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला, जसा अकरा वर्षं कुंपणाजवळ बसायचा तसा. मान वर करेना.

"ऐकलंस का, पापा?"

"ऐकलं तर. सगळा डाव ऐकला."

"मग तो..." रिगो थांबला. "निवेदक काय म्हणाला ते ऐकलंस?"

मला वाटलं मधे पडावं, कॉफी सांडावी, काहीतरी करावं. मी पेला हातात धरून उभी राहिले. फेफो दारात उभा होता, त्यानं तोंड फिरवलं.

"दोनदा नाव घेतलं त्यानं," पापा म्हणाले. त्यांनी रिगोच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि म्हणाला, या पोराचे हात बघा. एक चेंडू सुटला नाही याच्या हातून. एकसुद्धा नाही."

रिगोनं तेव्हा मान वर केली. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं. कालपासून तो देवाला म्हणत असणार की बापानं तेवढं ऐकलं नसावं. ते मिळालं, आणि बापानं त्याचं नावही ऐकलं नाही, हेही त्याच क्षणी कळलं.

"नाही पापा," तो म्हणाला. "एकसुद्धा नाही."

पापा जूनमध्ये गेले. शेवटच्या आठवड्यात ते येईल त्याला तो नववा डाव सांगायचे, आणि दर वेळी त्यात काहीतरी भर पडायची. रिगो शेजारी बसून हो हो म्हणायचा. मला ऐकवायचं नाही म्हणून मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. तिथं तो रेडिओ असतो, फळीवर. सामन्याच्या दुपारी, त्या वीस मिनिटांत, मी त्याच्या शेजारीच बसले होते, आणि त्याचं बटण माझ्या हातापासून एक वीतही लांब नव्हतं.