थांबून बोलणाऱ्या दोघी

सुमे, ये गं, अशी जवळ बस. जवळ म्हणजे काय, फोन तरी नीट कानाला लाव! माणसांच्या चालण्यावर संशोधन करतेस आणि स्वतः दिवसभर खुर्चीला चिकटलेली असतेस.

आज बागेत दोन म्हाताऱ्या फिरत होत्या. गप्पा रंगल्या की वाटेतच उभ्या राहायच्या. मागचा माणूस वैतागला, "आजी, फिरायला आलात की सभेला?" तर म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे, आमचं रंगात आलंय."

तूच सांगितलं होतंस ना, वय झालं की चालण्यालाही मेंदूचं लक्ष लागतं, म्हणून बोलण्यात जीव गुंतला की पाय थांबतात. तेव्हा तू मला चालता चालता भाज्यांची नावं घ्यायला लावली होतीस. पडवळ आलं, मी थांबले आणि आईच्या हातच्या पडवळाचंच सांगत बसले. हसण्याच्या नादात माझ्या चालण्याची वेळ मोजायला तुझ्या हातात असलेलं घड्याळ तसंच चालू राहिलं.

हल्ली मी बागेची फेरी झपझप संपवते. लोक कौतुक करतात, "काकू, या वयात काय चालता हो!" त्यांना काय सांगू? थांबून बोलावं असं बरोबर कुणी नसतं गं. लवकर ये बाई, आणि माझी चाल जरा बिघडव.