कमांडरचा कूलर

घरात कूलर एकच होता आणि तो कमांडरच्या खोलीत होता. कमांडरसाठी नव्हे, असं कमांडर स्वतःच सांगे. त्याच्या मशीनसाठी, म्हणजे गेम खेळायच्या कॉम्प्युटरसाठी. काचेच्या बाजूंचं एक भलंमोठं काळं खोकं टेबलावर बसलेलं असे. आत चार पंखे गरगरत, लाल-निळे दिवे लुकलुकत, आणि समोर पाण्याने भरलेला कूलर एखाद्या नोकरासारखा उभा. "तिला थंडावा लागतो," तो म्हणे. "तुमच्या-आमच्यासारखं नाही तिचं."

कमांडर हे नाव त्याला त्याच्या टोळीने दिलं होतं. टोळी म्हणजे गेममधली. तिच्यातल्या एकाचंही तोंड त्याने प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण दुपारी एकच्या ठोक्याला त्यांना हुकूम सोडायला बसला की शेजारच्यांच्या खिडक्या बंद होत. वय चव्वेचाळीस. नोकरी घरूनच, एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकण्याची, सकाळी सात ते बारा. बारानंतर जगाच्या कुठल्याही तक्रारीशी त्याचा संबंध नसे. लग्न केलं नव्हतं. "माझ्या तोलाची मिळाली नाही," असं तो गंजीफ्रॉकवर सांडलेला चहा पुसत सांगे. त्याच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे घरातली धाकटी, हॉस्पिटलात मैत्रिणींना हे वाक्य चहा पुसण्यासकट करून दाखवी.

धाकटी एक्स-रे काढायची. तिच्या कामाच्या खोलीत यंत्रासाठी एसी होता आणि बाहेर बाकावर मोडक्या हातापायांची माणसं हातातल्या चिठ्ठीने वारा घेत बसलेली असत. तेव्हा यंत्रांचे लाड तिला नवे नव्हते. पण त्या यंत्रात निदान हाडं तरी दिसत. या खोक्यात काय दिसे? खोटी बंदूक घेऊन खोट्या डोंगरावर चढणारा कमांडर, आणि बोंब मात्र खरी.

मागच्या खोलीत सासरे असत. ही खोली वरच्या मजल्याची, पश्चिमेच्या भिंतीची. दुपारी भिंतीला हात लावला तर मागे घ्यावा लागे. सासऱ्यांच्या हृदयाचं काम नीट चालत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून दिलेलं. गेल्याच आठवड्यात ते उकाड्याने चक्कर येऊन मोरीच्या दारात पडले होते. त्या वेळी नुसतं खरचटण्यावर निभावलं. डॉक्टरांनी बजावलं, खोली गार ठेवा, पुन्हा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं तर हे उठायचे नाहीत. धाकटीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तसली हाडं ती दिवसाला दोन-तीन बघत होती.

दुसरा कूलर आणायचा तर वायरमनने हात झटकले होते. वायरिंग जुनं, त्यावर हे खोकं आणि दोन कूलर एकदम चालणार नाहीत. खोकं बंद ठेवा, मग हवं ते लावा.

"बाबांना गरमीची सवय आहे," कमांडर म्हणाला. "बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलीत त्यांनी. आपल्यापेक्षा कणखर आहेत ते."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला तेवढ्यात स्कूटरमध्ये हवा भरायची आठवली. घरात आवाज चढला की त्या स्कूटरची हवा हमखास कमी होत असे.

तिने वाद घालायचं सोडून दिलं आणि हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, ताई, हल्ली खोकं लागतच नाही. गेम दूर कुठल्या तरी गावी कंपनीच्या मोठ्या मशीनवर चालतो. तापायचं ते तिथे तापतं. आपल्याकडे इंटरनेटवरून नुसतं चित्र येतं आणि आपण दाबलेली बटणं तिकडे जातात. साधा लॅपटॉपही पुरतो. त्याला म्हणतात क्लाउड गेमिंग.

धाकटीकडे लॅपटॉप होता, परीक्षेच्या अभ्यासासाठी घेतलेला. अंगाने एवढा सडपातळ की पिशवीत आहे की नाही ते चाचपून बघावं लागे. पंखासुद्धा नव्हता त्याला. तिने महिन्याचे पैसे भरले, सासऱ्यांच्या खोलीत बसून कमांडरचाच गेम लावला, दहा मिनिटांत पाच वेळा मेली आणि मग तळहात लॅपटॉपखाली घालून पाहिला. जरासा कोमट, बस. तिला एवढा आनंद झाला की सहाव्यांदा मेली तेव्हा ती मोठ्याने हसली.

"भाऊजी, हे बघा. तुमचा गेम यावर चालतो. खोकं बंद राहील, कूलर बाबांना."

कमांडरने लॅपटॉप दोन बोटांत धरून उचलला. "हे? हे तर खेळणं आहे! भाड्याचा गेम, दुसऱ्याच्या मशीनवर. मी काय पाहुणा म्हणून खेळू? आमच्यात याला कोणी विचारत नाही."

आमच्यात! जणू काही सैन्यात होता. धाकटी तोंडातल्या तोंडात जे पुटपुटली ते सासऱ्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून हसले.

पण उन्हाळ्याने कमांडरचा हुद्दा विचारला नाही. त्या आठवड्यात ऊन असं चढलं की कूलरमधूनही गरम वाफा येऊ लागल्या. ऐन लढाईत खोकं बंद पडलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी टोळीतल्या कोणा पोराने त्याला सांगितलं, काका, तुम्ही राहू द्या, रविवारच्या मॅचला आम्ही दुसरा बघतो. काका! हा घाव त्याच्या वर्मी लागला. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन घुटमळला.

"ते तुझं... खेळणं. रविवारपुरतं देतेस?"

"कूलर बाबांच्या खोलीत गेला की लगेच."

कूलर गेला. स्वतः कमांडरनेच ढकलत नेला, धापा टाकत, पाणी सांडत. पहिल्याच दुपारी सासरे सलग तीन तास झोपले. धाकटी दारातून त्यांच्या छातीची वर-खाली होणारी लय बघत उभी राहिली. आपण हुशार आहोत असं तिला मनापासून वाटलं. ते तिने नवऱ्याला सांगितलंही. नवरा म्हणाला, "बघ, शांतपणे घेतलं की सगळं होतं," आणि तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो हवा भरायला गेला.

रविवारी तिची ड्यूटी होती. तीनच्या सुमाराला ती घामाने निथळत घरी आली तर मागच्या खोलीचं दार बंद. तिने ढकललं. आत गारवा होता आणि कमांडर होता. सासऱ्यांच्या पलंगावर मांडी घालून, पाठीला सासऱ्यांची उशी, कानावर हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. कूलरचं तोंड थेट त्याच्याकडे.

"बाबा कुठे आहेत?"

त्याने एक बोट वर केलं. थांब. मग एक कान उघडा करून म्हणाला, "इंटरनेटचा राउटर या खोलीत आहे ना. माझ्या खोलीत चित्र अडकतं. आणि त्यांचा खोकला माइकमध्ये जातो, पोरं हसतात."

"आणि कूलर?"

"लॅपटॉप तापतो."

धाकटीने लॅपटॉपखाली हात घातला. तो गार होता, माठासारखा गार. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस ती यंत्राशी भांडत होती. याचं यंत्र तापतं, याला दुसरं यंत्र द्यावं, म्हणजे हा माणसासारखा वागेल, असं धरून बसली होती. खोकं असो नाहीतर पुठ्ठ्याएवढा लॅपटॉप, हा माणूस कूलरसमोरच बसणार होता. कॉम्प्युटरवाल्याला विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तिला त्याची किळस आली आणि स्वतःच्या हुशारीचीही.

सासरे कमांडरच्या खोलीत सापडले. खिडक्या बंद, वारा नाही. बंद खोक्यासमोरच्या फिरत्या खुर्चीत ते ताठ बसले होते, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरून, कारण खुर्ची जरा हलली की त्यांना गरगरत होतं. ओठ पांढरे पडले होते. एकट्याने उठायचा धीर होत नव्हता, आणि हाकही मारली नव्हती.

"हाक का नाही मारलीत, बाबा?"

"मॅच आहे ना त्याची," ते म्हणाले.

तिने तिथेच पंखा लावला, खिडक्या उघडल्या, मोजून दिलेल्या पाण्यातलं उरलेलं पाजलं. मग मागच्या खोलीत गेली आणि कमांडर कोणावर तरी ओरडत असतानाच लॅपटॉप मिटला. नुसता मिटला, काखेत घेतला.

"अगं, वेड लागलंय का तुला? शेवटचा राउंड होता!"

"पलंगावरून उठा."

"हे बघ, मी या घरातला मोठा..."

"उठा, भाऊजी. नाहीतर ओरडेन मी, आणि तुमच्यासारखं माइकमध्ये नाही, खिडकीतून."

तो उठला. पुटपुटत, हेडफोन तसेच गळ्यात, आपल्या तापलेल्या खोलीकडे न जाता जिन्याने खाली निघून गेला. एवढा मोठा सेनापती, आणि एका बाईच्या आवाजाला घाबरून चपला विसरला. तिला हसू यायला हवं होतं.

तिने सासऱ्यांना काखेत धरून आणलं. पाऊल टाकताना त्यांचा सगळा भार तिच्यावर पडत होता आणि भार फारसा नव्हताच. खोलीच्या दाराशी ते थांबले. आत वाकून त्यांनी पलंगाकडे पाहिलं, मग जिन्याकडे, आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "फार चिडलाय का गं तो? नाहीतर मी बसतो तिकडे."