मलिद्याचा पहिला अंक

मलिद्याचा, म्हणजे गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा, वास आला की मला इस्रायलमधल्या बेर्शेबातलं ते सभागृह आठवतं. त्रेसष्ट सालची थंडी, आम्हा मराठी ज्यूंचं नाटक, निर्माता मी आणि पैसाही माझाच, शिलाई मशीन विकून उभा केलेला. शनिवारी अंधार पडून शब्बाथचा विसावा सुटला की लगेच पडदा, असं मी ऐटीत जाहीर केलं होतं. पण शब्बाथला बस बंद, त्यामुळे लांबच्या लोद गावची नायिकाही तो सुटल्यावरच बसमध्ये बसणार, हे डोक्यातच आलं नाही. तासभर झाला, लोक पाय आपटू लागले. पहिल्या रांगेतली मावशी म्हणाली, "काय रे, पैसे परत देतोस की स्वतःच लुगडं नेसतोस?" पैसे परत दिले असते तर मी बुडालोच असतो. तेवढ्यात प्रयोगानंतर एलियाहू हनबीच्या, ज्याच्या येण्याची आम्ही वाट पाहतो त्या प्रेषिताच्या, नावानं वाटायचं मलिद्याचं ताट दिसलं. ते मी सरळ रंगमंचावर मांडलं. मलिदा सोडून कोण उठणार? मलिदा वाटण्याआधीची प्रार्थना म्हणणाऱ्या काकांच्या कानात म्हटलं, "जरा सावकाश." ते म्हणाले, "हनबीला घाई नाही. तुझी बाई कुठं पोचली ते बघ." शेवटच्या आमेनला ती धापा टाकत दारात उभी राहिली. जाताना मावशी म्हणाली, "नाटक ठीक. पहिला अंक फर्मास होता." आजही मलिद्याला बसलो की सगळे एलियाहू हनबीची वाट पाहतात, मी लोदच्या बसची.