दुपारची कुजबुज

परदेशी मिशनकामाला निघणाऱ्यांना आधी काय शिकवतात, याची मला भारी उत्सुकता होती. वाटलं होतं, बायबलचं पाठांतर असेल, भाषणं असतील, फार तर साप चावला तर काय करायचं ते सांगतील. भिलाईतल्या आमच्या छोट्याशा ट्रेनिंग कॉलेजात आधी शिकवलं ते पाहुणं होऊन राहणं. आमच्या मॅडमचं अर्धं आयुष्य आफ्रिकेत गेलेलं. त्या म्हणत, "परक्या घरात तोंड उघडायचं ते जेवायला, नाहीतर प्रश्न विचारायला. उपदेशाची घाई नको." मला हे फारच पटलं. नसत्या चौकशा करते म्हणून लहानपणी घरी मार खाल्लेला. इथे त्याचेच धडे होते.

मला झांबियातल्या एका मिशन दवाखान्यात नर्स म्हणून जायचं होतं. अडलं होतं ते बाबांपाशी. घरच्यांच्या राजीखुशीशिवाय कॉलेज कुणालाच पाठवत नसे, आणि बाबा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. विचारलं की एकच उत्तर, "पाहू." आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. चर्चचा रविवार कधी न चुकवणारा हा माणूस नेमका माझ्याच वाटेत का उभा राहतो, मला कळेना. रागही यायचा.

हॉस्टेलमध्ये माझी रूममेट मिझोरमची होती. तिच्या लक्षात आलं की जेवणं झाली की मी कुजबुजत बोलते, चपला हातात घेऊन व्हरांड्यातून चालते, दार लावताना कडी आधी वर धरते. तिला वाटलं, मी दुपारभर मौन प्रार्थना करते. तिने ते सगळ्यांना सांगितलं आणि मी उगाचच संत ठरले. खरं कारण मला तरी कुठे ठाऊक होतं? दुपार म्हणजे हळू बोलायचं, एवढंच माहीत.

मग मॅडमनी आम्हाला एकमेकींच्या घरी पाहुणं म्हणून पाठवायला सुरुवात केली. नियम असा, की जिचं घर तिनेसुद्धा ते परक्यासारखं पाहायचं. मिझोरमला जाणं कुठलं व्हायला, म्हणून आम्ही दोघी भिलाईजवळच्या जामुलच्या बसने आमच्या घरी आलो. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर सेक्टर ६ मधलं कंपनीचं क्वार्टर सोडून तिकडे घर बांधलं होतं. जवळच्या सिमेंट कारखान्याची धूळ सोडली तर घर छान आहे.

आईने भाजी-भाकरी वाढली. जेवण झालं, बाबा आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले आणि घराचा आवाजच गेला. आई बोटांनी खुणावू लागली, भांडी फडक्यावर ठेवू लागली. मी परक्यासारखं पाहायचं विसरून तिच्या कानाशी लागले. माझ्या जाण्याचाच विषय होता, दुसरं काय असणार?

पाहुणीने मात्र नियम पाळला. तिने खणखणीत आवाजात विचारलं, "यहाँ कौन सो रहा है?"

"हळू बोल वं," आई दचकली. "ह्यायची नाइट शिफ्ट राहते." म्हणाली आणि स्वतःच थांबली. बाबांना रिटायर होऊन वर्षं झाली होती. आमच्या लहानपणी ते रात्रपाळी करून सकाळी येत आणि दुपारी झोपत, म्हणून आम्ही कुजबुजायला शिकलो. क्वार्टर सोडताना पलंग आणला, कपाट आणलं, तशी ती कुजबुजही सोबत आली.

आतून बाबांचा आवाज आला. "मी कुठं झोपतो? नाइट सुटली तशी दुपारची झोपच उडाली. डोळे मिटून पडून राहतो."

"मंग बाहेर कावून नाही येत?" आई म्हणाली.

बाबा दारात येऊन उभे राहिले. पाहुणीकडे बघून जरा संकोचले, पण बोलले. "काय येऊ? पोरगी घरी आली का तुमची फुसफुस ऐकून राहिलो. माय-लेकी मिळून पोरीचं जानं ठरवून राहिल्या, अन् मलेच सांगत नाही. ठरलंच आहे तं मले विचारता कावून? म्हनून म्हनतो, पाहू."

मला रडू फुटलं. इतके दिवस मला ज्याचा राग येत होता त्या "पाहू"मागे हे होतं. आम्ही त्यांना झोपू देत होतो आणि ते एकटे पडून ऐकत होते.

बाबांनी खुर्ची ओढली. "आता सांग. मोठ्यानं सांग." मी सांगत गेले. तिथले लोक काय खातात, दवाखाना किती लांब, रात्री सोबत कोण, पाऊस पडतो का. बाबांचे प्रश्न संपेनात. चौकशीचा हा रोग मला कुणाकडून लागला ते तेव्हा समजलं. आईने चहा टाकला, चहा संपला, तरी आम्ही तिघं वरच्या पट्टीत बोलत होतो.

शेवटी बाबा म्हणाले, "जाय तू." कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पन फोन दुपारी करत जाजो. मी जागाच राहतो."