टोलनाक्यावरची ताई

आई-वडील गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. ताईने शिक्षण सोडलं आणि टोलनाक्यावर नोकरी धरली. काचेच्या खोपटात बसून दिवसभर खिडकीतून हात बाहेर काढायचा, पावती द्यायची. ट्रक निघताना काळा धूर थेट तिच्या तोंडावर सोडून जायचे. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळाकुट्ट. "बघ, काजळ फुकटात मिळतं मला," म्हणून हसायची.

त्या पगारावर शिकून धाकटी प्रयोगशाळेत लागली. तिथे माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी बशीत वाढवायच्या आणि रस्त्यावरच्या हवेतले बारीक कण त्यांच्यावर सोडून काय होतं ते पाहायचं, असं काम. ताईला कोण कौतुक! एका सुट्टीला ती हट्टाने बघायलाच आली.

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ती हरखली. "अगं बाई, यांना केस आहेत! हलताहेत की!"

"आत गेलेली धूळ बाहेर ढकलतात ते. रात्रंदिवस."

"आणि ही दुसरी बशी?"

त्या बशीतल्या पेशींवर कण सोडलेले होते. त्या सुजल्या होत्या, केस झडले होते, उरलेले निपचित पडले होते. ताई बराच वेळ पाहत राहिली. मग डोळा न काढताच म्हणाली, "माझ्या खिडकीतलीच हवा ना गं ही?"

"उद्यापासून जाऊ नकोस," धाकटी म्हणाली.

ताईने नोकरी सोडली खरी, पण उशीर झाला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून मान हलवली. आधी जिना सुटला, मग अंगणापर्यंतचं चालणं, मग पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर आला. सगळ्यात वाईट म्हणजे तिचं बोलणं आटलं. जन्माची बडबडी ती, आता दोन शब्दांवर दम लागायचा. विनोद ती सुरू करायची आणि धाकटी पुरा करायची. मग दोघी हसायच्या, ताई नुसती डोळ्यांनी.

एका सकाळी धाकटी तिची वेणी घालत होती. ताई म्हणाली, "अगं, तो ट्रकवाला..." आणि थांबली.

धाकटी वाट पाहत राहिली. दम खात असेल, असंच तिला वाटलं. हातातली वेणी तिने शेवटपर्यंत घातली, मगच वाकून चेहरा पाहिला.