जमिलाबीने उचललेला वाटा

कापूस हातात घेतला की जमिलाबी डोळे मिटायची. बोटांच्या चिमटीत चार तंतू धरायची, हलकेच ओढायची, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायची. मग डोळे न उघडताच सांगायची, हा काळ्या रानातला, हा मुरमाड जमिनीतला, ह्याच्यावर वेचणीआधी दोनदा पाणी पडलं. आम्ही कापूस पिकवणारी माणसं, पण आमच्याच कापसाचं आम्हाला ठाऊक नसलेलं तिला ठाऊक असायचं. वाटायचं, कापूस झोपेत बोलतो आणि ही ऐकते.

आमच्या घाटंजीतल्याच एका मेकॅनिकची ती मुलगी. तिचं लग्न झालं तेव्हा जफर आठवडी बाजारात बारदाना अंथरून किलो-दोन किलो कापूस घ्यायचा. बोलणं त्याचं आणि हात तिचा. अठरा वर्षांत त्या बारदान्याची सरकी काढायची जिनिंग झाली, दोन ट्रक झाले, गावात तीन मजली घर झालं, यवतमाळला प्लॉट झाले. कागद सगळे जफरच्या नावाचे. हातांची नावं सातबाऱ्यावर चढत नाहीत.

त्यांच्यात भांडण असतं तर मिटलं असतं. पण त्यांचं बोलणंच आटत गेलं, मार्चातल्या नाल्यासारखं; आधी धार बारीक झाली, मग डबकी उरली, मग नुसते गोटे. जफर महिनामहिना यवतमाळला राहू लागला. २००५ साली कापसाचा भाव पडला, गाव सगळं गप्प झालं, आणि त्याच हिवाळ्यात दोघांनी राजीखुशीने तलाक घ्यायचं ठरवलं.

यवतमाळचे वकील म्हणाले, आधी मिळकतीचं आपसात ठरवा, मग करारनामा करू. पण ठरेना. शेवटी बारदान्याच्या दिवसांपासून अठरा वर्षं काटा धरणारा देवराव म्हणाला, "आपल्याकडं भाऊ वेगळे होतात तसं करा. वाटे एकानं पाडायचे, उचलायचे दुसऱ्यानं. पाडणारा मंग बरोबरच पाडते."

जफरने वाटे पाडायला महिना घेतला. एका वाट्यात घर, प्लॉट आणि दागिने. दुसऱ्यात जिनिंग, ट्रक आणि गोदामातली कापसाची गंजी. त्याने मनात हिशेब केला होता, अकरा वर्षांची पोरगी असलेली बाई छप्परच उचलेल. जिनिंग आपसूक आपल्याकडे येईल.

जमिलाबीला मात्र जिनिंगच हवी होती. तिने हे फक्त भावाला, नौशादला सांगितलं.

नौशाद हसला. "आपा, घर घे गुमान. जिनिंग चालवायले मिशा लागते."

"मिशा तर तुलेही आहेत. तुहं गॅरेज काहून बंद पडलं?"

वाटा उचलायच्या आदल्या दिवशी ती गोदाम पाहायला गेली. उचलणाऱ्याने माल पाहावा, अशी रीतच आहे. देवरावने दार सरकवलं. आत गंजी टिनाच्या छपरापर्यंत गेलेली. वरच्या झरोक्यातून ऊन उतरत होतं आणि त्यात बारीक तंतू तरंगत होते, खाली यायची घाई नसल्यासारखे. बरोबर आलेली पोरगी, उमेरा, नेहमीसारखी धावत वर चढली आणि माथ्यावर आडवी झाली.

जमिलाबीने बांगड्या मागे सारल्या आणि हात खांद्यापर्यंत गंजीत घातला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

"काय झालं, भाभी?" देवरावने विचारलं.

"ताप आहे हिले."

दिवाळीच्या घाईत जफरने हा कापूस एकट्याने घेतला होता. भाव पडलेला पाहिला, ओल पाहिली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा हात न लागता गंजी उभी राहिली होती, आणि आता ती आतून तापत, पिवळी पडत चालली होती.

देवराव हळूच म्हणाला, "मंग बोलूच नका. उद्या घर उचला अन् सुटा."

ते खरंच होतं. गप्प राहून घर घेतलं तर ती वाचत होती, जफर बुडत होता. सांगितलं, तर तो वाटे नव्याने पाडेल आणि जिनिंग कुठे जाईल कोण जाणे. ती उंबरठ्यावर बसली. कुठेतरी पारवा घुमत होता.

"अम्मी," वरून उमेराचा पेंगुळलेला आवाज आला, "इथं मस्त गरम लागते. झोप येऊन राह्यली."

जमिलाबी ताडकन उठली. "खाली ये. आत्ताच्या आत्ता!" आणि देवरावला म्हणाली, "सेठले बलाव. गंजी पेटायच्या आंदी फोडा लागते."

जफर आला. त्याने हात घातला आणि चटका बसल्यासारखा काढला. "तू मले काहून सांगितलं?"

"कापूस थोडीच कोणाशी भांडला?"

तीन दिवस गंजी फोडणं चाललं. मजुरांबरोबर जफर बाह्या सारून उतरला, नौशादही आला. जिनिंगचं अंगण पांढरं झालं, मग बाहेरचा रस्ताही. बगळे उतरले की कापसात हरवायचे आणि उडाले की वाटायचं, कापसाचाच एक तुकडा उठून चालला. दुपारच्या उन्हात सगळेच स्वप्नात चालल्यासारखे चालत. तिसरा हिस्सा माल गेला, बाकीचा वाचला.

"तुहा हात असता तं हे झालं नसतं," जफर म्हणाला.

"हात इथंच होता. तुमी इचारलं नाही."

चौथ्या दिवशी सगळे जिनिंगच्या ओट्यावर बसले. नौशाद म्हणाला, "एक वाटा हलका झाला. नव्यानं पाडा."

सगळ्यांनी जफरकडे पाहिलं. तो खूप वेळ नखातले तंतू काढत राहिला. मग म्हणाला, "मी पाडले, मी मोडत नाही. उचल."

जमिलाबीने जिनिंगच्या चाव्या उचलल्या.

जफर चमकला. "नुकसान उचलून राह्यली तू!"

"नुकसान उन्हात वाळलं. जिनिंग उभी आहे."

नौशादने शेवटचं विचारलं, "अन् पोरगी कोणत्या वाट्यात?"

तेव्हा उमेराच म्हणाली, "मी काय प्लॉट आहो का? मले दोन्हीकडं गादी पाहिजे. जाड. घरची गादी टोचते."

देवरावने ते कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं: उमेरासाठी दोन्ही ठिकाणी एकेक गादी, चांगल्या कापसाची.

यवतमाळला वकिलांनी करारनामा वाचला, त्या ओळीवर थांबले आणि खोडायला पेन टेकवलं. जफर म्हणाला, "राहू द्या, साहेब. ह्या अख्ख्या कागदात आमच्या दोघांचं वाटे न पाडता जमलेलं तेवढंच आहे."

सह्या झाल्या. बाहेर जिनिंगचा ट्रक उभा होता, पुढे नौशाद चालवायला. जमिलाबी उमेराला घेऊन चढली. ट्रक आता तिचा, म्हणून जफर खाली थांबला आणि त्याने विचारलं, "घाटंजीपर्यंत येऊ का?"

"या," ती म्हणाली आणि सरकून बसली.