पंचमीला आलेला मामा

माझं तोंड आईचं. बारीक डोळे, बसकं नाक. वडील मिलिटरीत. अरुणाचलात बदली असताना त्यांनी आईशी लग्न केलं आणि तिला शिराळ्याजवळच्या आमच्या गावी आणलं. शाळेत मला 'चायना माल' म्हणायचे. मी अस्सल गावरान शिव्या हासडायचे, पण तोंड काही बदलत नव्हतं.

नागपंचमीला गावातल्या सुनांना न्यायला त्यांचे भाऊ येत. आईचं माहेर चार दिवसांच्या वाटेवर. ती दारात उभी राहून दुसऱ्यांचे भाऊ बघायची. मी पाचवीत असताना तिनं फोनवर भावाला ही रीत सांगितली, आणि तो भला माणूस खरंच आला.

मी मैत्रिणींबरोबर एसटी स्टँडवर होते. तो उतरला, हातात माझ्या वडिलांचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मला बघताच तो हसला.

"आगं, ह्यो तुझ्यावानीच दिसतोय की! कोण हाय तुझा?" एका मैत्रिणीनं विचारलं.

"कोण न्हाई. चायनीजची गाडी लावायला आला असंल," मी म्हणाले आणि पाठ फिरवली. सगळ्या खिदळल्या.

विचारत विचारत तो घरी पोचला. आई त्याच्या गळ्यात पडून रडली. तिनं माझेही कपडे बॅगेत भरले. वडील ड्युटीवर होते, मला घेऊनच ती जाणार होती. मी म्हणाले, "मी येणार नाही. तिथं सगळे तुझ्यासारखेच असतील." मला टाकून ती जायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी मामा एकटाच परत गेला. पुन्हा त्याचं येणं झालं नाही, आईचं जाणंही राहून गेलं.

गेल्या वर्षी तो वारला. मग मीच आईला घेऊन गेले. त्या गावात मला कुणी 'तू कुठली?' म्हणून विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच. एका म्हातारीनं माझी हनुवटी धरली, काहीतरी बोलली.

"म्हणती, पोर थेट मामाच्या वळणावर गेलीया," आईनं सांगितलं.

मला हुंदका आवरेना. बायकांना वाटलं, मामासाठी रडते आहे. आई जवळ येऊन बसली.

"रडू नगं," ती म्हणाली. "स्टँडवर तू ओळख दिली न्हाईस, ते त्यानं मला तवाच सांगितलं हुतं."